धुलाईगाडी आणि कोंबड्यांची पेटी

मित्रांनो, मी डॅनिश फौजेची एक जुनी धुलाईगाडी आहे. मला तोफ नाही, चिलखत नाही. पोटात पत्र्याचा एक मोठा ड्रम आहे, आणि त्यात मी एकेकाळी दिवसाला दोनशे जवानांचे कपडे धूत असे. रणगाडे चिखल उडवत मोठ्या दिमाखात जायचे. संध्याकाळी त्यांचेच वीर कुबट मोजे घेऊन माझ्या दारात रांग लावायचे. तेव्हा माझं कौतुक होतं.

पुढे फौजेला माझी गरज उरली नाही. मला चालवणाऱ्या आस्गरने मला आपल्या शेतावर आणलं. माझ्या डाव्या अंगाला त्याने एक लाकडी पेटी ठोकली आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या.

आमच्या गावात फौजी गाड्यांचे छोटे नमुने जोडणाऱ्यांचं एक मंडळ आहे. मोठी शहाणी माणसं. बाजारात ज्यांचा सुट्या भागांचा संच मिळत नाही अशा गाड्यांची यादी ती दर हिवाळ्यात करतात आणि मतं देतात. जिंकलेल्या गाडीची मापं एका छोट्या कारखान्याला जातात, आणि तो तीस संच काढतो. आस्गरने आठ वर्षं माझं नाव सुचवलं. आठही वर्षं त्यांनी रणगाडाच निवडला. तोच रणगाडा, फक्त धुराडं वेगळं.

यंदा आस्गरने शेत विकलं. नवा मालक वसंतात मला भंगारात देणार हे कळताच मंडळाला माझा पुळका आला आणि मतं मला पडली. चालत होते तोवर मी दुर्मीळ नव्हते ना. आस्गरचं एकच म्हणणं होतं, "ड्रमचं माप नीट घ्या. ड्रमशिवाय ही गाडी म्हणजे नुसतं खोकं."

मंडळाचा अध्यक्ष प्रेबेन टेप घेऊन आला. निवृत्त मास्तर, त्यामुळे ऐकून घ्यायची सवय नाही. आस्गरची भाची विबेके वहीत लिहून घेत होती. प्रेबेनने गुडघ्यांवर बसून माझे सहाशे बारा रिव्हेट मोजले. मग तो पेटीपाशी आला.

"ही विषारी वायूपासून वाचायच्या मुखवट्यांची पेटी."

"कोंबड्यांची आहे ती," आस्गर म्हणाला. "मीच ठोकलीय."

"अरे, तू नुसता गाडी चालवायचास. माझ्याकडे फोटो आहे."

"कधीचा?"

"मागच्या उन्हाळी मेळ्यातला."

"तेव्हा आत तीन अंडी होती, प्रेबेन."

"मामा खरं सांगतोय," विबेके म्हणाली.

"तू लिही. लांबी नव्वद."

ड्रमकडे जायचं माझं मागचं दार गंजून बसलं होतं. प्रेबेनने ते एकदा ओढून पाहिलं आणि सोडून दिलं. "राहू दे. नमुन्यात दार बंदच असतं, आत कोण डोकावतंय?"

आस्गरने वाद सोडला. घरात जाऊन सगळ्यांसाठी कॉफी करून आणली. मला त्याचाही राग आला.

वसंतात विबेके संच घेऊन आली. पेटी काय सुरेख उतरली होती म्हणून सांगू, लाकडाच्या रेघांसकट. सूचनापत्रात तिचं नाव होतं, मुखवट्यांची पेटी. आणि नमुन्यातल्या माझ्या पोटात नुसती पोकळी.

आस्गरने तो कागद दोनदा वाचला. मग तेलाचा डबा घेऊन माझ्या दाराशी बसला. तीन दिवस तो बिजागऱ्यांना तेल घालत होता. चौथ्या दिवशी दार उघडलं. विबेके आत शिरली आणि ड्रमची मापं ओरडून सांगू लागली. आस्गरने दुपारी पावावर खाल्लेल्या टोमॅटोतल्या बांगडा माशाचा पत्र्याचा डबा धुतला, कात्रीने पत्रा कापला, गुंडाळला आणि त्याचा नखाएवढा ड्रम केला. संच जोडता जोडता तो नमुन्यात बसवला. नमुन्याचं दार त्याने उघडंच चिकटवलं.

"पेटी लावायची का रे मामा?"

"लाव की. एवढं छापून आलंय. फक्त आत एक अंडं ठेव."

विबेकेने टाचणीच्या टोकाने पांढऱ्या रंगाचा एक थेंब ठेवला. मंडळाच्या कपाटात आता एकोणतीस मूर्ख गाड्या आहेत आणि आस्गरच्या खिडकीत एक शहाणी.

भंगारवाल्याचा ट्रक अंगणात उभा आहे, म्हणून थोडक्यात सांगते. मित्रांनो, आमच्यासारख्यांची मापं घ्यायला याल तेव्हा आधी दार उघडा. उघडत नसेल तर तेल घाला. आणि गाडी चालवणारा समोर उभा असेल, तर त्याला नुसती कॉफी करायला लावू नका.