गाणारे पाते

मित्रांनो, मी एक जुने पाते आहे. चाकूचे नव्हे, पंख्याचेही नव्हे, शर्यतीच्या कॅटमरानचे. कॅटमरान म्हणजे दोन निमुळत्या होड्या आडव्या दांड्यांनी जोडून केलेली बोट. तिच्या डाव्या होडीत एक उभी खाच आहे, तीतून मला खाली पाण्यात सरकवतात. उजव्या होडीत माझे जुळे भावंड असते. वारा समोरून असला की बोटीला थेट त्याच्या तोंडावर जाता येत नाही. ती तिरकी, नागमोडी जाते आणि वारा तिला सारखा बाजूला ढकलतो. ते ढकलणे आम्ही पाण्याखाली उभे राहून अडवतो. शिडाकडे सगळे पाहतात. आमचे डोके तेवढे वर दिसते.

सुताराने मला हलक्या लाकडातून घडवले. पुढची कड गोल, मागची पातळ ठेवली आणि वर फायबरचा थर चढवला. मग मी एका दातांच्या डॉक्टरांकडे आले. ते सुकाणूवर बसत आणि शर्यती जिंकत. त्यांच्या मुलाला पाण्याची भीती, म्हणून शिडाच्या दोऱ्या सांभाळायला पुढे सून आली. "मुलगा काठावरचा निघाला, पण सून तरी पाण्यातली मिळाली," असे डॉक्टर धक्क्यावर सगळ्यांना सांगत.

एकदा घाईत मला वाळूवरून ओढत नेले आणि मागच्या कडेचे टवके उडाले. डॉक्टरांनी ते राळेने भरले. पुन्हा तुटू नये म्हणून कड चांगली जाडजूड केली. माया केली, पण जरा जास्तच. त्यानंतर बोटीने वेग घेतला की मी घुमू लागले. लोक म्हणत, "आली डॉक्टरांची गाणारी बोट." मला फार बरे वाटे. पाण्याखालच्याच्या वाट्याला कौतुक येते कुठे?

पण वाऱ्यासमोर जाताना आम्ही मागे पडू लागलो. परतताना वारा पाठीशी असतो, तेव्हा पाती वर उचलून ठेवतात. त्या वाटेवर मात्र आम्ही इतरांच्या बरोबरीने पळत असू. डॉक्टरांनी नवे शीड घेतले, डोलकाठी थोडी मागे झुकवून पाहिली. काही गुण आला नाही. शेवटी ते म्हणाले, "बोट ठीक आहे. माझे हात म्हातारे झालेत." हंगामाच्या शेवटच्या शर्यतीनंतर बोट विकायचे त्यांनी ठरवले. गिऱ्हाईकही मिळाले.

त्या शर्यतीआधीच्या सरावात सुनेने माझ्या डोक्यावर तळवा ठेवला.

"बाबा, हे थरथरतंय."

"गातंय ते. ज्याला कान नसतात त्याला थरथर वाटते."

"कान आहेत मला. पुढच्या बोटींनाही आहेत. त्यांना आपलं गाणं ऐकू येतं, मागून."

डॉक्टर शिडाकडे बघू लागले.

"एवढं थरथरायला ताकद लागते," ती म्हणाली. "ती हे आणतं कुठून? आपल्याच वेगातून ना? तुमच्याकडे कुणी वाजणारा दात घेऊन आलं असतं, तर त्याला गाणं म्हणाला असतात का?"

"सासऱ्याशी असं बोलतात?"

"शिडाची दोरी हातात असली की बोलतात."

घरी आल्यावर डॉक्टरांनी मला दोन स्टुलांवर आडवे ठेवले, चष्मा लावला आणि मागच्या कडेवरून अंगठा फिरवला. "हे तर मीच केलंय," एवढेच ते म्हणाले. मग लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून त्यांनी ती कड घासली, पातळ केली, एका बाजूने किंचित उतरती केली. मी घाबरले होते. आवाज गेला तर माझ्याजवळ उरणार काय?

शर्यतीच्या दिवशी वाऱ्याला तोंड देत निघालो, तर मी मुके. डॉक्टर गडबडले. "आवाज नाही. थांबलीय की काय ही?" वेग यावा म्हणून ते बोटीचे तोंड वाऱ्यापासून वळवू लागले.

"सुकाणू हलवू नका, बाबा. शेजारी बघा."

शेजारी लाल शिडाची बोट होती. दर वेळी ती आमच्यापुढे निघून जाई. आज ती वीतवीत मागे सरकत होती. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिले, मग स्वतःच्या हातांकडे, आणि सुकाणू तिथेच धरून ठेवले. वळणाच्या तरंगत्या बोयाला आम्ही तिसरे पोहोचलो. परतीला डॉक्टरांचे एक वळण चुकले, म्हणून शर्यतीत चौथे आलो.

धक्क्यावर गिऱ्हाईक उभे होते. "छान झाली शर्यत, डॉक्टर. मग उद्या ट्रक आणू?"

"आणा की," शिडाची घडी घालत डॉक्टर म्हणाले, "पण दुसऱ्या कुणाच्या दारात. माझं एक वळण सुधारायचं राहिलंय."

सून दोरीची गाठ सोडवत होती. गाठ केव्हाच सुटली होती, तरी तिने मान वर केली नाही.

मित्रांनो, आता मला कुणी गाणारे म्हणत नाही. डॉक्टर रोज मला गोड्या पाण्याने धुतात आणि वाळूवरून नेताना उचलून नेतात. तुमच्या घरातही काही घुमत असेल, करकरत असेल, तर त्याला एकदा हात लावून पाहा. आणि घरातले कुणी वडीलधारे म्हणू लागले की माझे हात म्हातारे झाले, तर लगेच मान डोलावू नका. त्या हातांनी काय धरले आहे, ते आधी तपासा.