सारजाची साय

स्वरालीनं कोडची दोन अक्षरं टाकली की संगणकावरचा एडिटर पुढची ओळ करड्या रंगात आपणहून मांडायचा. पटली की

टॅब.

करडं ते काळं व्हायचं. बारामतीच्या त्या चार टेबलांच्या ऑफिसात दूध संकलन केंद्रांचं सॉफ्टवेअर तिच्याकडं होतं. मालक युवराजसर नव्या पोरांना सुनवायचे, "हिच्याकडं बघा जरा. हिला ओळ पुरी करावीच लागत न्हाय."

पिंपळीच्या केंद्रावरचं मशीन फॅट जास्त दाखवायला लागलं, तेव्हा तिनं कोडमध्येच ०.३ वजा करून टाकलं होतं. मशीन नीट होईस्तोवर, तेवढ्यापुरतं. मग शेळगावचं केंद्र आलं. तिचंच गाव. तिनं पहिला शब्द लिहिला, एडिटरनं पिंपळीचं सगळं समोर धरलं. वाचलं का तिनं?

टॅब.

शेळगावात तिचे वडील, मानसिंगआबा, केंद्रावरून पावती घेऊन आले. फॅट घसरलेलं, लॅक्टोमीटरची डिग्री बरोबर. म्हणजे पाणी न्हाय. म्हणजे

"साय काढतीस," ते बायकोला, सारजाला, म्हणाले. "भावाला तूप धाडतीस व्हय?"

"अवो, गाईची आण, मी—"

"गाईला मधी आणू नगंस."

गावात घरोघरी हेच चाललं होतं. पण घरातली चोरी चारचौघांत सांगायची कुणी? जो तो आपापल्या बायकोवर डोळा ठेवून गप्प.

महिन्यानं स्वराली सुट्टीला आली. आई धार काढत होती. शेजारी आबा स्टूल टाकून बसलेले. गप्पांना न्हाय, राखणीला. का, ते कळलं तसा तिनं ओसरीवरच लॅपटॉप उघडला. शेळगावच्या कोडमध्येही वजा ०.३. वर तिचीच टीपही उतरलेली: मशीन दुरुस्त झालं की काढणे.

तिनं फोन लावला. युवराजसर म्हणाले, "गुपचूप काढून टाक. बोभाटा झाला तर केंद्रं सोडून जातील."

तिनं काढलं. दुसऱ्या सकाळी आबा पावती नाचवत आले. "बघ! राखण केली की कसं फॅट येतंय!"

"आबा, चूक माझी—"

"—आईची न्हाय. असंच म्हणणार तू. लेक शेवटी आईचीच."

"तसं न्हाय वो, आकडाच चुकीचा, कोडमध्ये मी—"

"—आईसाठी कायबी लिहिशील." ते हसले. सुधारलेल्या बायकोकडं मायेनं बघून शेताकडं गेले.

सारजा चूल सारवत होती. हात थांबला.

"तू लिवलं व्हतंस ते?"

"वाचलंच न्हाय गं आई. आपोआप आलं, मी नुसतं दाबलं."

सारजानं पोतेरं पुन्हा चुलीवर फिरवलं.

"नुसतं दाबलंस न्हवं? मग उद्या धारंला त्यांचं राखणीचं स्टूलबी तूच मांड," सारजा म्हणाली.

सकाळी स्वरालीनं स्टूल मांडलं. आबा येऊन बसले.