हौदापासून पहिलं दार

नगरपालिकेच्या सभागृहातल्या वेताच्या खुर्च्या सगळ्या त्याच्या हातच्या. कुठला नगरसेवक एका कुशीवर कलंडून झोपा काढतो आणि कुठला सारखा उठबस करतो, हे त्याला दुरुस्तीला आलेली खुर्ची उलटी केली की कळायचं. पण त्यांतल्या एकीवर स्वतः बसायची पाळी कधी आली नव्हती. ती रस्तारुंदीच्या सुनावणीच्या दिवशी आली. बसल्या बसल्या त्याने सवयीने बैठकीखाली बोट फिरवून पाहिलं. वीण घट्ट होती. जीव मात्र आत ढिला पडला होता.

त्याला सगळं शहर खुर्चीवाले म्हणे. त्याच्या बायकोला बाई म्हणे, कारण ती जन्मभर शाळेत शिकवत होती आणि निम्मं शहर तिच्या हाताखालून गेलं होतं. आज समोर अध्यक्षांच्या जागी बसलेली नगराध्यक्षासुद्धा बाईंचीच विद्यार्थिनी. पाढे चुकली की बाई तिला फळ्यापाशी उभी करायच्या, असं ती स्वतःच भाषणात सांगायची.

मोठ्या रस्त्यावर, खुर्चीवाल्याच्या गल्लीच्या तोंडाशी एक दगडी हौद होता. घोडागाड्यांच्या काळातला. घोडे गेले, गाड्या गेल्या, हौद राहिला. कबुतरं त्यावर बसायची, शाळा सुटली की पोरं एकमेकांवर पाणी उडवायची. रस्ता रुंद करायचा तर हौद आडवा येत होता. तो काढायचं ठरलं आणि खुर्चीवाल्याने हरकत घेतली. लोकांना वाटलं, म्हातारा जुन्या दगडाला चिकटून बसलाय. कारण वेगळंच होतं, आणि ते त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

बाई विसरायला लागली होती.

आधी शब्द गेले, मग वार, मग माणसं. गॅस चालू ठेवून ती खिडकीत जाऊन बसायची. पण एक गोष्ट तिच्या अंगात मुरली होती. शाळा सुटायच्या वेळेला ती घरातून निघायची, शाळेच्या फाटकाशी उभी राहून मुलं घरी जाताना पाहायची, आणि मोठ्या रस्त्याने परत यायची. डावा हात हौदाच्या काठाला लागला की वळायचं. हौदापासून पहिलं दार आपलं. डोक्यात काही उरलं नसलं तरी हाताला ते पाठ होतं. सबंध दिवसात तेवढाच वेळ ती कुणाच्या मदतीवाचून जगायची. तो बरोबर यायला निघाला की म्हणायची, "मी काय पहिलीतली आहे? तुम्ही आपल्या खुर्च्या विणा."

आजाराच्या सुरुवातीला, डोकं स्वच्छ असताना, तिने त्याला समोर बसवून सांगितलं होतं, "अहो, हे कुणाला कळता कामा नये. ज्यांचे मी कान धरले त्यांनी माझी कीव केलेली मला चालायची नाही." त्याने मान हलवली होती. तेव्हापासून तो कुणापुढे त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हता. शेजारणीने विचारलं तर म्हणायचा, बाईंचं वय झालं.

"घोडे तर राहिले नाहीत," सुनावणीत एक नगरसेवक म्हणाला. "मग हौद ठेवून करायचंय काय?"

"घोडे नसले म्हणून काय झालं," मागच्या रांगेतून आवाज आला, "गाढवांना तहान लागत नाही का? सभेच्या आधी आपण सगळे तिथे जाऊन येऊ."

सभागृह खो खो हसलं. अभियंत्याने भिंतीवरच्या नकाशावर पट्टी टेकवली. हौद तिथेच राहिला तर बस वळत नाही, एवढं त्याने शांतपणे समजावून दिलं. माणूस वाईट नव्हता. त्याचं म्हणणंही खोटं नव्हतं.

नगराध्यक्षा म्हणाली, "काका, हौद तुम्हाला का हवा, ते एकदा तुमच्या तोंडून ऐकू द्या."

खुर्चीवाला उठला. घरून घोकून आलेलं त्याने म्हणून टाकलं. हौद जुना आहे. असा दगड आता कुणी घडवत नाही. लहानपणी मी त्यात वेत भिजत घालायचो. कितीतरी माणसं त्याला ओळखतात, तो फुटू नये. बोलता बोलता त्याच्या आवाजाला कंप सुटला. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचा केवढा जीव आहे त्या दगडावर.

नगराध्यक्षा अभियंत्याकडे वाकली. दोघांची कुजबुज झाली. मग ती प्रसन्न चेहऱ्याने म्हणाली, "काका, आम्ही हौद फोडणार नाही. तो आहे तसा उचलून पुढच्या चौकात, शिंपी गल्लीच्या तोंडाशी बसवू. नळ जोडू, दिवे लावू, भोवती फुलझाडं लावू. अंदाजपत्रकात सुशोभीकरणाला तरतूद आहे, ती याच कामी येईल. बाई पाहतील तेव्हा त्यांनाही आनंद होईल."

टाळ्या वाजल्या. खुर्चीवाल्याला वाटलं, फोडला असता तरी परवडलं असतं. तिथे काही नसतं, तर ती थांबली असती, इकडेतिकडे पाहिलं असतं. आता ती हौद शोधत पुढे जाईल, आणि पुढे तो असेलच.

"काका, अजून काही सांगायचंय?" नगराध्यक्षेने विचारलं.

विचारलं तेही नुसतं उपचारापुरतं नाही. ती थांबली, त्याच्याकडे बघत राहिली. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. त्या पोरीने सगळा नकाशा पुन्हा काढायला लावला असता. पण सभागृहात जिकडे बघावं तिकडे बाईंनी कान धरलेले लोक बसले होते. त्याने समोरच्या खुर्चीची पाठ घट्ट पकडली.

"नाही," तो म्हणाला. "काही नाही."

ठराव एकमताने मंजूर झाला. बाहेर पायऱ्यांवर लोकांनी त्याचा हात हातात घेतला. "जिंकलात की, खुर्चीवाले," गाढवाचा विनोद करणारा नगरसेवक म्हणाला. "तुमचा हौद आमच्यापेक्षा जास्त टिकणार बघा."

हौद उचलायला क्रेन आली. जुन्या जागी आधी खड्डा राहिला, मग डांबर पडलं, आणि तिथे काही होतं याची खूणसुद्धा उरली नाही. रस्त्याचं काम चालू होतं तोवर खुर्चीवाल्याने बाईला घरीच ठेवलं. ती रोज त्या वेळेला दारापाशी येऊन उभी राहायची आणि कुलूप पाहून मुकाट्याने परत फिरायची. त्याच्याने ते बघवेना. रस्ता खुला झाला तसं त्याने गल्लीच्या तोंडाशी, हौद होता बरोबर तिथे, एक खुर्ची नेऊन ठेवली. दगड नाही तर वेत, हाताला काहीतरी लागू दे. दुपारी नगरपालिकेची गाडी आली आणि रस्त्यावरचं अतिक्रमण म्हणून खुर्ची उचलून घेऊन गेली. तिची बैठक त्यानेच विणलेली, हे गाडीवाल्याला कुठून कळणार.

मग तो स्वतःच तिथे जाऊन उभा राहिला.

बाई शाळेकडून येताना दिसली. पदर सावरलेला, पावलं ठाम. तो हात पुढे करून उभा होता. ती जवळ आली, त्याच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "रस्त्यात असे उभे राहू नका हो. मुलांना वाट द्या." आणि त्याला वळसा घालून पुढे गेली. तो हाक मारणार होता. पण काय म्हणून मारायची? तो मागून चालत राहिला.

चौकात नव्या फुलझाडांत हौद झकपक दिसत होता. बाईचा डावा हात काठाला लागला. तिचा चेहरा सैल झाला. ती वळली, आणि पहिलं दार ढकलून आत गेली.

ते घर एका शिंपिणीचं होतं. खुर्चीवाला उंबऱ्याशी पोचला तेव्हा बाई मशीनपाशी उभी होती आणि शिंपीण तोंडात टाचण्या धरून तिच्याकडे बघत होती.

"किती पसारा करून ठेवलाय," बाई म्हणत होती. "माझ्या घरात हे मशीन कुणी आणलं?"

शिंपिणीने टाचण्या काढल्या. तीही बाईंच्याच वर्गातली. दारातल्या म्हाताऱ्याचा चेहरा तिने पाहिला आणि तिला जे समजायचं ते समजलं. "मीच आणलं, बाई," ती म्हणाली. "थोडे दिवस राहू दे. तुम्ही बसा."

बाई बसली. मग तिची नजर दाराकडे गेली.

"या की," ती त्याला म्हणाली. "तुम्ही खुर्च्यांचं काम करता ना? शाळेच्या खुर्च्या विणायला आले होते ते तुम्हीच?"

तरुणपणी तो खरंच शाळेत खुर्च्या विणायला गेला होता, आणि ही नवी बाई मधल्या सुट्टीत येऊन त्याच्या विणीतल्या चुका काढायची. त्यातूनच पुढचं सगळं झालं. घरात, आपल्या भांड्याकुंड्यांत, ती त्याला अजून "अहो" म्हणायची. इथे तो नुसता कारागीर होता.

"हो, मीच," तो म्हणाला. "दुरुस्तीला काही आहे का?"

शिंपिणीकडे एक फाटक्या बैठकीची खुर्ची होतीच. ती त्याने उचलली. "बाई, काम बरोबर होतंय का ते तुम्हाला बघावं लागेल. माझ्या घरापर्यंत येता का?"

"यावंच लागेल," बाई म्हणाली. "तुम्हा लोकांचा काय भरवसा." आणि ती त्याच्याबरोबर निघाली. आपल्या घरात आली, आपल्या खिडकीत बसली, आणि थोड्या वेळाने म्हणाली, "अहो, आज उशीर केलात."

त्यानंतर तोच नेम झाला. सकाळी तो एखादी फाटकी खुर्ची शिंपिणीकडे ठेवून यायचा, आणि शाळा सुटल्यावर तीच खुर्ची आणि बाई दोघींना घेऊन यायचा. शिंपीण बाईसाठी मशीनशेजारी जागा मोकळी ठेवायची. "काका, पाहिजे तर मी पोचवत जाईन," ती एकदा म्हणाली. तो म्हणाला, "खुर्ची कोण उचलेल मग?"

एके दिवशी चौकात गाडी थांबली आणि नगराध्यक्षा खाली उतरली. तिने बाईंना वाकून नमस्कार केला.

"काका, खुर्ची घेऊन कुठे?"

त्याने उत्तर देण्याआधी बाईच बोलली. "या माणसाचं काम चोख आहे. तुमच्याकडे खुर्च्या असतील तर यांनाच द्या. कुठे राहतात ते विचारून घ्या, मला काही ठाऊक नाही."

नगराध्यक्षेने बाईंकडे पाहिलं, मग हौदाकडे, मग मागे वळून जुन्या गल्लीकडे. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"मी विचारलं होतं, काका," ती म्हणाली. आवाज वर्गात उभ्या केलेल्या मुलीचा होता.

"विचारलं होतंस, पोरी. तुझ्याकडे बोट नाही."

"मी उद्याच ठराव आणते. हौद परत नेऊ. कुणी काही म्हणो."

त्याने खुर्ची या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "आता नको. आता तिला हे दार माहीत झालंय. परत हलवलास तर ते पण जायचं."

नगराध्यक्षा खुर्चीला हात लावायला पुढे झाली. बाईने तिला अडवलं. "राहू दे, तू अभ्यासाला जा," ती म्हणाली. आणि नगराध्यक्षा "हो, बाई" म्हणून तिथेच उभी राहिली.

घरी आल्यावर खुर्चीवाल्याने वेत पाण्यात टाकला. बाई खिडकीत बसली. तो वाट पाहत होता. रोज एवढ्यात ती "अहो" म्हणायची. तिने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, कपाट पाहिलं, दोघांचा जुना फोटो पाहिला.

"घर छान ठेवलंय तुम्ही," ती म्हणाली. "एकटेच असता?"

त्याने भिजलेला वेत हातात घेतला, पण तो कुठल्या भोकातून ओवायचा ते त्याला क्षणभर दिसेना.

"बायको असते," तो म्हणाला.

"मग तिला त्रास नको. मला घरी सोडता का? माझं घर लांब नाही. हौदापासून पहिलं दार."

"सोडतो ना, बाई," तो म्हणाला. "एवढं काम होऊ द्या, की सोडतो."

"बरं," ती म्हणाली, आणि हात मांडीवर ठेवून त्याच्या बोटांकडे बघत बसली. "सावकाश करा. घाईत वीण सैल पडते."

त्याने पहिला वेत ओवला, ओढला, आणि पुन्हा काढून ओवला. खुर्ची लहान होती. ती जितकी सावकाश विणता येईल तितकी सावकाश तो विणू लागला.