वाऱ्यासाठी राखलेली फ्रेम

कॅमेऱ्यातली फिल्म पुढे सरकताना बारीक करकर होते, आणि तिच्यासोबत दिसतो शरयूताईच्या अंगठ्याचा तो ठाम, अर्धवर्तुळाकार फेरा. माझ्या थोरल्या बहिणीचं चित्र मनात उमटतं ते या हालचालीतून. चेहरा नंतर येतो. चोआ चू कांगच्या तिच्या फ्लॅटमध्ये रविवारचं कोवळं ऊन फरशीवर पसरतं, आणि त्यात मांडी घालून, रुपेरी बटा मिरवत, ताई लेन्सवर फुंकर घालत बसलेली असते. घाई तिच्या स्वभावातच नाही, आणि दुसऱ्याच्या घाईची ती सरळ टिंगल करते.

आठवडाभर ती जुरोंग आयलंडवर, रसायनांच्या कारखान्यात इंजिनिअर. कंपनीच्या बसने जायचं, पास दाखवायचा, आणि आत कॅमेऱ्याला मज्जाव. धुरांड्यांमागचा सूर्यास्त, नळ्यांच्या जंजाळात अडकलेली पहाटेची वाफ, हे सारं तिने वर्षानुवर्षं नुसत्या नजरेने टिपलं. म्हणूनच की काय, रविवारी हाती कॅमेरा आला तरी ती आधी बघत राहते, आणि फिल्म खर्चताना पक्की चिक्कू होते. तांजोंग पगारच्या ऑफिसात खुर्ची उबवणारी मी, फोनमध्ये ढीगभर फोटो काढणारी, तिच्यापुढे उधळीच ठरते.

मागच्या वर्षी लिम चू कांगच्या शेतवस्तीतल्या एका जुन्या पवनचक्कीने तिला झपाटलं. पालेभाजीच्या मळ्यात, तळ्याकाठी उभा असलेला लोखंडी सांगाडा आणि माथ्यावर पत्र्याच्या पात्यांचं चाक. मळ्याच्या म्हाताऱ्या मालकांना आम्ही नुसतं अंकल म्हणायचो. चक्की त्यांच्या वडिलांनी मळ्याला पाणी उपसायला उभारलेली. विजेचा पंप आला तशी ती बिनकामाची झाली. वारा सुटला तर फिरायची, एरवी स्तब्ध. आता जमिनीच्या भाडेपट्ट्याची मुदत संपली होती आणि चक्की पाडायचं ठरलं होतं. अंकलच्या घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये तिचे फोटो होते, पण सारे थांबलेल्या चक्कीचे. नातवंडांना ती शोभेचीच वस्तू वाटायची.

"लास्ट टाइम होल फार्म ड्रिंक हर वॉटर," अंकल जुने दिवस आठवून ताईला सांगायचे. "नाऊ नोबडी बिलीव्ह, लाह."

फिरती चक्की फोटोत आणून देईन, असा ताईने त्यांना शब्द दिला.

पण रविवारांमागून रविवार वारा पडलेलाच. ताई गंजलेले खिळे टिपत गेली, शिडी टिपत गेली, पात्यांच्या फटींतून दिसणारं निश्चल आभाळ टिपत गेली. एका विषयाला एकच रोल, हा तिचा जुना रिवाज. त्यातली शेवटची फ्रेम तिने वाऱ्यासाठी राखून ठेवली होती. मी दुसरा रोल सुचवला, तेव्हा तिने माझ्या घाईची टिंगल केली आणि लेन्स पुसायला घेतली.

चक्की पाडायच्या आदल्या दिवशी सकाळी पश्चिमेकडून काळंभोर आभाळ चढून आलं आणि केळीची पानं एकाएकी उलटी झाली. चाक कुरकुरलं, अडखळलं, आणि मग असं काही फिरायला लागलं की माझ्या अंगावर काटा आला. अंकल पडवीतून धावत बाहेर आले. ट्रायपॉड हलू नये म्हणून ताईने त्याला आमच्या डब्याची पिशवी टांगली आणि शटर पूर्ण एक सेकंद उघडं राहील असं ठेवलं.

"अगं, सेकंदभर? पाती पुसली जातील!" मी ओरडले. "एकच फ्रेम आहे, ताई. फास्टवर घे."

"पाती स्वच्छ दिसली तर ती फिरत होती हे कळणार कसं?"

"आणि काहीच नाही आलं तर?"

"येईल," ती म्हणाली, आणि तिने कळ दाबली. मागोमाग पाऊस कोसळला.

फिल्म धुऊन येईपर्यंत चक्की जमीनदोस्त झाली होती. मला तर धड झोप लागत नव्हती. ताई मात्र निवांत. अंकल आता मुलीच्या फ्लॅटमध्ये राहत होते; तिथे तिने टेबलावर दोन फोटो ठेवले. एकात थांबलेली चक्की, पातं न् पातं रेखीव. दुसऱ्यात तळं सुस्पष्ट, सांगाडा सुस्पष्ट, आणि माथ्यावर नुसतं फिकट, गोल धुकं. एकही पातं नाही.

अंकलनी चष्मा लावला. दुसरा फोटो दोन्ही हातांत धरून त्यांनी तो उजेडाकडे नेला.

"दिस वन," ते म्हणाले. "दिस वन वर्किंग."

नात डोकावली. "आ गोंग, व्हेअर द ब्लेड्स?" तिने आजोबांना विचारलं.

अंकलनी त्या धुक्यावर बोट गोल गोल फिरवलं. डोळे पाण्याने भरलेले, पण आवाज खणखणीत. "गोइंग राउंड, व्हॉट!"

त्या मळ्याभोवती आता पत्र्याचं कुंपण आहे. तिथून जाताना मला वाटतं, थांबलेल्या दिवसांचा तपशील स्मृतीत रेखीव राहतो. ज्या दिवसांत आपण भरभरून फिरत होतो, त्यांचा मात्र एक फिकट उजेड तेवढा मागे राहतो, आणि तो कशाचा होता हे सांगायला कुणीतरी आपलं माणूस शेजारी असावं लागतं.