धरणावरचा माणूस

“नोकरीवाल्याचं पगारातून कापलं जातं. तुमचं कोण कापणार? तुमचं तुम्हीच भरायचं,” मुरबाडच्या बँकेतला अधिकारी अनिलला समजावत होता. “जे भराल त्यावर करातही सवलत मिळते.”

२००९ सालची गोष्ट. अनिलचं टोकावड्याला वेल्डिंगचं दुकान होतं. स्वतःचा धंदा करणाऱ्यांनाही आता पेन्शनचं खातं काढता येतं, हे त्याच्या वडिलांनी, ज्ञानेश्वरांनी, पेपरात वाचलं होतं. येताना त्यांनी व्याह्यांनाही सोबत घेतलं. अनिलच्या सासऱ्याला, अनंताला, सरकारी कामातलं कळतं, अशी त्यांची समजूत.

“वय किती चालतं?” अनंतानं विचारलं.

“पंचावन्नपर्यंत.”

अनंताला सत्तावन्न पुरी झाली होती.

“तुमाला काय करायचंय त्याचं?” ज्ञानेश्वर हसले. “साहेब, आमचे व्याही भातसा धरणावर असतात. त्यांची पेन्शन ठरलेली.”

“कुठल्या खात्यात?” अधिकाऱ्यानं सहज विचारलं.

भातसानगरच्या वसाहतीतले पंप अनंता दुरुस्त करायचा. बोलावलं की जायचं, कामापुरते पैसे घ्यायचे. अनिलशी आपल्या मुलीचं, निर्मलाचं, लग्न जमवताना त्यानं ‘धरणावर असतो’ एवढंच सांगितलं होतं. बाकीचं समोरच्यांनी गृहीत धरलं, आणि त्यानं ते चालू दिलं.

“मला पेन्शन नाय,” तो टेबलाकडे बघत म्हणाला. “मी धरणावर कामाला जायचो. धरणाचा नव्हतो.”

अनिलनं पेन खाली ठेवलं. पोस्टात पीपीएफचं खातं निघेल, पण पैसे पंधरा वर्षं अडकतील, असं अधिकारी अवघडून सांगू लागला. अनंता नुसती मान हलवत राहिला.

बाहेर आल्यावर ज्ञानेश्वरांनी विचारलं, “निर्मलाला ठाव होतं?”

“होतं. बोलू नको म्हणून मीच सांगितलेलं.”

तिघं टोकावड्याच्या एसटीत चढले.

घरी निर्मलानं पानं घेतली. तिची सासू कौतुकानं म्हणाली, “तुमाला बरं हाय व्याही. पेन्शन घरबसल्या येल.”

ज्ञानेश्वरांनी ताटातून मान वर केली नाही. अनंताला तेव्हा गप्प राहता आलं असतं.

“नाय यायची, विहीणबाई. मी सरकारी माणूस नाय. पोरीला मीच गप्प बसवलेली. तिला बोल लावू नका.”

सासू निर्मलाकडे बघत राहिली. निर्मलाच्या हातातला भाताचा डाव तसाच राहिला. अनंता पानावरून उठू लागला.

“बस बाबा,” निर्मला हळू म्हणाली आणि त्याच्या ताटात भात वाढला. “निवतो.”

अनंता बसला. भात कालवू लागला, आणि कालवतच राहिला.