शवपेटीवरचा झेंडा

"वर्ना, पेटीवर कोणता झेंडा घालायचा? जुना की नवा?" अंत्यविधीची व्यवस्था बघणाऱ्या मिल्टनने खालच्या आवाजात विचारलं.

जुना झेंडा वर्नाच्या मांडीवरच होता. तिने त्याची घडी पुन्हा सारखी केली.

तिचा नवरा आर्डन जिल्हा कोर्टात शिपाई होता. मिनेसोटा राज्याचा झेंडा रोज सकाळी तोच चढवायचा आणि संध्याकाळी उतरवायचा. निवृत्तीला हाच झेंडा त्याला भेट मिळाला. पुढे राज्याने झेंडाच बदलला, तेव्हा तो कित्येक दिवस धड जेवला नाही. "निळ्या कापडावर एक चांदणी! पेट्रोल पंपाची पाटी वाटते," म्हणायचा.

"आणि जुना काय होता, बाबा?" सून रोवीना टोमणा मारायची. "निळ्या चादरीवर गोल शिक्का. लांबून बघा, निम्म्या राज्यांचे झेंडे तसलेच. नवा निदान लहान पोरंसुद्धा कागदावर काढतात."

रोवीना डकोटा जमातीची, या भूमीच्या मूळ रहिवाशांपैकी. त्या शिक्क्यात एक गोरा शेतकरी नांगर धरून उभा होता, शेजारच्या खोडाला त्याची बंदूक टेकवलेली. मागे एक आदिवासी घोड्यावरून चाललेला. त्या चित्राबद्दल ती सासऱ्यापुढे कधी बोलली नाही. आर्डनला कॅन्सर झाल्यावर तिनेच रजा टाकली. त्याला अंघोळ घालणं, कुशीवर वळवणं, सगळं तिनेच केलं.

जाण्याआधी आर्डनने वर्नाचा हात धरला होता. "माझ्यावर जुनाच घाल. शब्द दे." तिने दिला.

आणि काल भांडी विसळता विसळता रोवीना म्हणाली, "आई, तो झेंडा असेल तर मी पेटीमागून चालणार नाही. चर्चमध्ये येईन, मागे बसेन."

"अगं, त्याच्या मनात तसं काही नव्हतं गं."

"माहितीये मला. त्यांच्या मनात नव्हतं, पण चित्रात आहे ना. माझ्या माणसांना इथून हाकललं, आई. त्याच्यामागून चालायला माझे पाय उचलणार नाहीत."

मिल्टन अजून थांबला होता. आर्डनचा कोर्टातला सोबती लॉयड पुढे आला. "यात विचारायचं काय? घाल जुना."

"काहीच नको घालू," वर्ना म्हणाली.

"वर्ना! शब्द दिला होतास त्याला. मी होतो तिथे."

"दिला होता. मोडतेय."

"मग उचला तुमचे तुम्ही," लॉयड म्हणाला आणि पुतण्याला घेऊन बाहेर पडला.

प्रार्थना झाली. पेटीला खांदा द्यायला सहाजण ठरले होते, उरले चारच. वर्नाचा मुलगा डेल एका बाजूला एकटा पडला. शेवटच्या बाकावरून रोवीना उठली, कोटाच्या बाह्या वर सारत आली आणि त्याच्या पुढची कडी तिने धरली.

वर्ना मागून चालू लागली. आपण बरोबर केलं असं तिला वाटत नव्हतं. चूक केली असंही म्हणवत नव्हतं. "रागाव माझ्यावर," ती पुटपुटली, "रागाव रे."

बाहेर गवत निसरडं झालं होतं. पेटी जराशी कलली, रोवीनाने खांदा लावून सावरली. गाडीपाशी लॉयड पाठ करून उभा होता. पेटी जवळून गेली तेव्हा त्याने टोपी काढली. वळून मात्र पाहिलं नाही.