राणीच्या पाठीला चेन

अरे, ऐका तर! नाटकातल्या राणीचा मखमली झगा मी चार महिने हाताने शिवला. जरीची एकेक वेल भरताना नुसती हरखून जायचे. आणि काल दिग्दर्शक म्हणतो, "पाठीवरची नाडी काढ, चेन लाव. कपडे बदलायला एकच मिनिट मिळतं."

"राणीच्या काळी चेन होती का हो, दादा?"

"पाठ कोण बघतंय?"

असलं डोकं फिरलं माझं! "सिंहासनाकडे चालत जाते तेव्हा अख्खं थिएटर पाठच बघतं!"

त्याने सरळ कात्री उचलली. मी झगा ओढून घेतला, नटीला चढवला, भराभर नाडी आवळली. घड्याळात पन्नास सेकंद!

"मग रोज तूच यायचं बांधायला," म्हणे. जशी काही शिक्षाच देतोय मला!